प्रत्येक प्रकल्पाला नवे ॲप कशासाठी? : मोबाइल आरोग्य संशोधनाच्या सामाईक पायाविषयी खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद,
नवी दिल्ली

महोदय,

फोन, मनगटावरील घड्याळ किंवा छातीवर चिकटवलेली लहानशी पट्टी यांत बसवलेल्या संवेदकांनी माणसाची हालचाल, नाडी, झोप आणि श्वास यांची दिवसरात्र नोंद घ्यायची, त्या नोंदींना त्याने दिलेल्या उत्तरांची आणि दवाखान्यातील तपासण्यांची जोड द्यायची आणि आजार दवाखान्याबाहेर कसा वाढतो, कसा ओसरतो हे समजून घ्यायचे, असे मोबाइल आरोग्य संशोधनाचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि नैराश्य हे आजार वर्षानुवर्षे माणसाच्या घरात, शेतात आणि कामाच्या जागी मुक्कामाला असतात. डॉक्टरांसमोर ते वर्षातून काही मिनिटेच येतात. परिषदेच्याच इंडियाब या देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आलेला अंदाज असा की, भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. एक लाखाहून अधिक लोकांना प्रत्यक्ष भेटून केलेल्या त्या पाहणीने आजार किती पसरला आहे हे सांगितले. तो एकेका माणसाच्या दिवसात कसा वागतो हे कळण्यासाठी मात्र त्या माणसाच्या सोबत राहणारी साधने लागतात, आणि ती आता उपलब्ध आहेत.

साधने आली, तरी त्यांच्या खाली जो पाया लागतो तो आलेला नाही. बहुतेक प्रकल्पांचा क्रम ठरलेला असतो: अनुदान मंजूर होते, ॲप बनवण्याचे काम बाहेर दिले जाते, सुरुवातीचा काळ त्यातील चुका दुरुस्त करण्यात जातो, मग सहभागी मिळतात, शेवटी शोधनिबंध लिहिला जातो आणि अनुदान संपताच सर्व्हरचे भाडे भरायला कोणी उरत नाही. शेजारच्या जिल्ह्यात त्याच आजारावर काम करणारा दुसरा गट हीच वाट पुन्हा पहिल्या पावलापासून चालतो, आणि दोघांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत, कारण एकाने झोप मिनिटांत मोजलेली असते आणि दुसऱ्याने तिला शंभरपैकी गुण दिलेले असतात. परिषदेने अशा प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळ्या ॲपला आणि वेगळ्या सर्व्हरला पैसे देण्याऐवजी, देशातील कोणत्याही संशोधकाला वापरता येईल असा एक सामाईक डिजिटल पाया उभारावा, तो कायम सांभाळण्याची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी आणि या क्षेत्रातील पुढील अनुदाने त्याच्या वापराशी बांधावीत, अशी मागणी या पत्राद्वारे करण्यात येत आहे.

विखुरलेल्या प्रयोगांची ही अडचण भारतापुरती नाही. युगांडात परदेशी देणगीदारांच्या पैशावर चालणारे, एकमेकांशी न बोलणारे फोन-प्रयोग इतके वाढले की जानेवारी २०१२ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाला नव्या प्रयोगांवर मंजुरीवाचून बंदी घालावी लागली. भारताला बंदीची गरज नाही. अनुदानाची अट हे त्याहून सौम्य आणि अधिक परिणामकारक साधन परिषदेच्या हातात आहे.

सामाईक पाया म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी एका नोंदीचा प्रवास पाहणे उपयोगी ठरेल. घड्याळातील त्वरणमापक, म्हणजे हालचालीचा वेग तीन दिशांत कसा बदलतो हे टिपणारा संवेदक, सेकंदाला ५० वेळा मोजू लागला तर एका माणसाच्या एका दिवसात सुमारे १ कोटी ३० लाख आकडे जमतात. या कच्च्या आकड्यांवरून एक गणिती रीत पावले मोजते, दुसरी झोप ओळखते, तिसरी हात थरथरतो आहे का ते पाहते. संशोधकाच्या हाती बहुधा कच्चे आकडे पडत नाहीत. उत्पादक कंपनीने स्वतःच्या गुप्त रीतीने काढलेले उत्तर तेवढे पडते, आणि ती रीत कंपनी कोणालाही न सांगता बदलू शकते. हार्वर्ड विद्यापीठातील जुक्का-पेक्का ओन्नेला यांनी एका सुप्रसिद्ध घड्याळातून एकाच व्यक्तीच्या, एकाच कालखंडातील हृदयस्पंदनांच्या चढउताराच्या नोंदी काही महिन्यांच्या अंतराने दोनदा बाहेर काढून पाहिल्या, तेव्हा दोन्ही संच जुळले नाहीत. २०२१ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली. हृदय तेच, दिवस तेच, तरीही आकडे निराळे. एखाद्या औषधाच्या चाचणीत असे घडले तर फरक औषधाने पडला की गणिताने, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.

म्हणून या पायाचा पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे नोंदीचा उगम-इतिहास: आकडा कोणत्या उपकरणातून आला, ते शरीरावर कोठे बांधले होते, कोणत्या आवृत्तीच्या रीतीने तो काढला आणि मध्ये कोणी त्यात काय बदल केले, याची नोंदीला कायमची चिकटलेली माहिती. अमेरिकेत मेम्फिस विद्यापीठातील संतोष कुमार यांच्या नेतृत्वाखाली २०१४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या निधीतून एमडीटूके नावाचे केंद्र उभे राहिले, त्याने फोनवर संवेदकांच्या नोंदी गोळा करणारी आणि सर्व्हरवर त्यांचे विश्लेषण करणारी अशी दोन्ही सॉफ्टवेअरे खुली ठेवली. धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांवरील आणि हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवरील अभ्यास त्याच पायावर चालले, आणि पुढे याच गटाने उगम-इतिहासाच्या प्रश्नाला स्वतंत्र प्रकल्प वाहिला. ब्रिटनमधील किंग्ज कॉलेजच्या पुढाकाराने तयार झालेली राडार-बेस आणि ओन्नेला यांच्या गटाची बायवे या प्रणालीही कोणालाही घेता येतील अशा खुल्या आहेत. भारताने हे सर्व शून्यापासून लिहिण्याची गरज नाही. त्यातील योग्य ते घेऊन येथील फोनांना, भाषांना आणि कायद्याला जुळवणारी एक कायमस्वरूपी तुकडी हवी आहे.

दुसरा भाग नोंदीच्या सामाईक साच्याचा. डेबोरा एस्ट्रिन आणि आयडा सिम यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मोबाइल आरोग्याच्या खुल्या रचनेची कल्पना मांडली. त्या विचारातून पुढे आलेल्या कामाच्या आधारे २०२१ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने झोप आणि शारीरिक हालचाल यांच्या नोंदी कशा लिहाव्यात याचे मानक प्रसिद्ध केले. असे मानक म्हणजे काही मोठे यंत्र नव्हे. एकक कोणते, कालावधी कोणता, मोजमाप उपकरणाने केले की माणसाने सांगितले, हे सर्वांनी एकाच पद्धतीने लिहायचे, एवढाच तो करार असतो.

हा करार पाळल्याने काय साधते याचे उदाहरण मोबाइल आरोग्याबाहेर, परिषदेच्याच इतिहासात सापडते. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. १९८१ मध्ये परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला, आणि १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली, जिचे कार्यकर्ते रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता गावोगावी जाऊन माहिती घेत. बार्शीतील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तुलना मुंबईशी आणि मुंबईची चेन्नईशी करता येते, याचे कारण प्रत्येक ठिकाणी आजाराचे नाव, वय आणि निदानाचा आधार ठरलेल्या एकाच वर्गीकरणाने लिहिला गेला. चार दशकांपूर्वी, कागदी अर्जांच्या काळात, परिषदेने हे करून दाखवले आहे.

दुसरे उदाहरण त्याहून अलीकडचे. परिषदेच्या राष्ट्रीय वैद्यकीय सांख्यिकी संस्थेत २० जुलै २००७ रोजी वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. प्रारंभी तिच्यात नोंद करणे ऐच्छिक होते. १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी ते सक्तीचे केले, आणि आज भारतातील कोणती चाचणी कोठे, कोणत्या उद्देशाने चालू आहे हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. पाया सार्वजनिक, वापर मोफत आणि सक्ती नियमाची, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून ती नोंदवही टिकली. मोबाइल आरोग्य संशोधनाला नेमके हेच हवे आहे.

यावर एक स्वाभाविक आक्षेप येईल की, आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर चालू असताना आणखी एका पायाची गरज काय? त्या मिशनने दिलेला १४ अंकी आरोग्य क्रमांक, संमतीने नोंदी पाठवण्याची व्यवस्था आणि फायर या आंतरराष्ट्रीय संदेशमानकाचा स्वीकार या मोलाच्या गोष्टी आहेत, आणि नवा पाया त्यांच्याशी जोडलेलाच असला पाहिजे. पण ती व्यवस्था उपचारासाठी आखलेली आहे: डॉक्टरांची चिठ्ठी, प्रयोगशाळेचा अहवाल, रुग्णालयातून घरी सोडतानाचा सारांश. दिवसाला कोट्यवधी आकड्यांचा प्रवाह तिच्यात मावत नाही, आणि उपचारासाठी दिलेली संमती संशोधनासाठी दिलेली संमती ठरत नाही. दोहोंना जोडणारा दुवा तयार करण्यासाठी लागणारे कौशल्य पुण्यात आहे; सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र काम करते, आणि परिषदेने या कामात त्याला आरंभापासून सोबत घेणे शहाणपणाचे ठरेल.

परदेशी प्रणाली आणून बसवल्या की काम झाले, असेही मानता येणार नाही, कारण येथील शरीरे, कामे आणि फोन त्या प्रणालींनी पाहिलेले नाहीत. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर त्वचेतून जाणाऱ्या प्रकाशावर चालतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरलेला असूनही उपकरणाच्या लक्षात न येण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. मनगटी घड्याळेही नाडी मोजताना प्रकाशाचाच आधार घेतात. त्यांची पावले मोजण्याची रीत हाताच्या झोक्यावर अवलंबून असते; डोक्यावरचा हंडा एका हाताने धरून चालणाऱ्या बाईचा हात झुलत नाही, म्हणून तिची पावले कमी मोजली जाण्याचा धोका असतो. भाताच्या लावणीत दिवसभर चिखलात वाकून काम करणारा किंवा उसाच्या फडात कोयता चालवणारा माणूस किती श्रम करतो, हे चालण्या-धावण्यावर तयार केलेल्या गणिताला कळेलच असे नाही. श्रमाचे मोजमापच चुकीचे असेल, तर शारीरिक हालचाल आणि मधुमेह यांच्या संबंधाविषयी ग्रामीण भारताबद्दल काढलेला प्रत्येक निष्कर्ष डळमळीत राहतो, आणि हा प्रश्न या साऱ्या विषयात कदाचित सर्वांत गंभीर आहे.

त्यावरचा उपाय म्हणजे उपकरणे पारखण्याची कायमची ठिकाणे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातर्फे वढू परिसरातील गावांत २००२ पासून लोकसंख्या आणि आरोग्य यांची सातत्याने नोंद ठेवली जाते. कोण जन्मले, कोण गेले, कोण गाव सोडून गेले याची माहिती तेथे नियमितपणे घेतली जाते, आणि लोकांचा संशोधकांशी जुना परिचय आहे. अशा ठिकाणी वेगवेगळे काम करणाऱ्या, वेगवेगळ्या वयांच्या आणि वर्णांच्या लोकांवर घड्याळाचे आकडे प्रमाणित उपकरणांशी ताडून पाहिले आणि ती तुलना सर्वांसाठी खुली केली, तर प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र पारख करावी लागणार नाही. देशाच्या चार-पाच भौगोलिक विभागांत अशी ठिकाणे निवडणे परिषदेला सहज शक्य आहे.

फोनाचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, स्वतः वापरत असलेला मोबाइल फोन आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे ५४ टक्के होत्या, आणि ग्रामीण भागात हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. घरातील एकच फोन दिवसा मुलाकडे आणि रात्री नवऱ्याकडे असेल, तर त्या फोनाची हालचाल नेमकी कोणाची, हे कोणत्याही संवेदकाला सांगता येत नाही. शिवाय कमी किमतीचे अनेक फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप आपोआप बंद करतात आणि नोंदीत तासन् तासांची पोकळी पडते. ही पोकळी गरिबांच्या नोंदींत अधिक पडत असेल, तर निष्कर्ष श्रीमंतांच्या बाजूने झुकतात. कोणत्या फोनावर किती नोंद गळते याची सामाईक, सतत अद्ययावत होणारी यादी ही दिसायला क्षुल्लक गोष्ट आहे, पण तिच्याविना या देशातील असा अभ्यास विश्वासार्ह होणार नाही.

सहभागी किती काळ टिकतात हेही एकत्रित नोंदींवरूनच कळते. अभिषेक प्रताप आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ॲपवर चाललेल्या आठ अभ्यासांतील एक लाखाहून अधिक सहभागींच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा सहभागी ॲप वापरत राहण्याचा मध्यक काळ, म्हणजे निम्मे सहभागी ज्याच्या आत गळाले तो काळ, अवघा साडेपाच दिवस निघाला. आठही अभ्यासांच्या नोंदी वेगवेगळ्या कपाटांत बंद राहिल्या असत्या, तर प्रत्येक गटाला हे अपयश आपलेच वाटले असते आणि कोणत्या कारणाने माणसे टिकतात हा पुढचा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

संमती हा या पायाचा असा भाग आहे की त्याला केवळ कायदेशीर औपचारिकता समजणे घातक ठरेल. पार्किन्सन या कंपवाताच्या आजारावर सेज बायोनेटवर्क्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या एमपॉवर अभ्यासात सहभागींना एक स्पष्ट निवड दिली होती: नोंदी केवळ या अभ्यासाच्या गटाला द्यायच्या, की जगातील पात्र संशोधकांनाही. नऊ हजारांहून अधिक सहभागींनी दुसरा पर्याय स्वीकारला. माणसांना नीट समजावून विचारले तर ती उदारपणे देतात, हे त्यातून दिसते; पण नीट समजावणे म्हणजे इंग्रजी मजकुराचे बोजड मराठी करून त्याखाली ‘मान्य’ असे बटण ठेवणे नव्हे. गडचिरोलीत गोंडी, मेळघाटात कोरकू आणि नंदुरबारमध्ये भिली बोलणाऱ्या माणसाला, आपल्या झोपेची नोंद कोठे जाणार, किती वर्षे राहणार आणि ती परत मागता येते का, हे त्याच्या भाषेत, आवाजात ऐकवता आले पाहिजे. असे पारखलेले ध्वनिमुद्रित संमतिपाठ, आणि त्यांच्या जोडीला नैराश्य, वेदना, झोप यांविषयीच्या प्रश्नावल्यांची तपासून घेतलेली भारतीय भाषांतील रूपे, हीसुद्धा पायाभूत सुविधाच आहे. एकदा काळजीपूर्वक करून ती सर्वांना दिली, तर प्रत्येक जिल्ह्यातील संशोधकाला पुन्हा भाषांतर करत बसावे लागणार नाही. येथे घाई करू नये. या कामाला वर्षे लागली तरी चालतील.

नोंदी सामाईक करायच्या म्हणजे त्या कोणालाही उतरवून घेता याव्यात, असा अर्थ नाही. नाव आणि फोन क्रमांक काढून टाकले की माणूस अनोळखी झाला, ही समजूत २०१३ मध्येच मोडली. इव्ह-अलेक्झांडर द मोंजॉय आणि सहकाऱ्यांनी सुमारे १५ लाख लोकांच्या फोन नोंदी तपासून दाखवले की, केवळ चार वेळांची ठिकाणे कळली तरी ९५ टक्के लोक गर्दीतून नेमके वेगळे ओळखता येतात. म्हणून नोंदी सुरक्षित ठिकाणी राहाव्यात आणि संशोधकाने विश्लेषणाची संगणकीय सूचनावली तेथे पाठवावी, ही पद्धत अधिक योग्य आहे. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये सुरू झालेल्या ओपनसेफली प्रणालीत संशोधक रुग्णांच्या कच्च्या नोंदींना हातही लावत नाही. त्याची सूचनावली नोंदींपाशी जाते, फक्त एकत्रित उत्तर बाहेर येते आणि कोणी काय चालवले याचा हिशेब सार्वजनिक राहतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ठरवून दिलेली मानके पाळणाऱ्या संशोधनाला काही सवलत दिली आहे. ती सवलत ढालीसारखी वापरली जाऊ नये यासाठी परिषदेने २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांना मोबाइल संवेदकांविषयीचे स्वतंत्र प्रकरण जोडावे, आणि नोंदींच्या वापराला परवानगी देणाऱ्या समितीत सहभागी समाजांचे प्रतिनिधी मताधिकारासह असावेत. विमा कंपनी, मालक किंवा पोलीस यांना या नोंदी कोणत्याही वाटेने मिळू नयेत, याची लेखी हमी नसेल तर लोकांनी त्या देऊ नयेत, असेच म्हणावे लागेल.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो उभारणीचा नसून देखभालीचा आहे. फोनाची प्रणाली दरवर्षी बदलते. २०१७ पासून अँड्रॉइडने ॲपना मागे राहून ठिकाण विचारण्यावर मर्यादा घातली, २०१९ पासून गूगलने कॉल आणि संदेशांच्या नोंदी वाचण्याची परवानगी बहुतेक ॲपना बंद केली, आणि अनेक प्रकल्पांचा आधार असलेली गूगल फिटची सेवा मागे घेऊन हेल्थ कनेक्ट या नव्या सेवेकडे वळण्याचे त्या कंपनीने जाहीर केले. अशा प्रत्येक बदलानंतर काही आठवड्यांत दुरुस्ती झाली नाही, तर चालू अभ्यास मधोमध तुटतो. तीन वर्षांच्या कंत्राटावर नेमलेल्या संशोधन सहायकाकडून हे काम होणार नाही. त्यासाठी अभियंत्यांची कायम पदे, शास्त्रज्ञांच्या तोडीचे वेतन आणि दहा वर्षांचा तरी बांधलेला निधी लागेल. संशोधनसंस्थांत सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला शोधनिबंधात नाव मिळत नाही आणि बढतीतही गुण मिळत नाहीत. ही रीत परिषदेने आपल्या संस्थांपुरती तरी बदलावी.

आरंभ लहान असावा. झोप, शारीरिक हालचाल आणि घरी मोजलेला रक्तदाब या तीनच नोंदींचे साचे, त्यांचे उगम-इतिहासाचे नियम, मराठीसह पाच-सहा भाषांतील संमतिपाठ आणि वढूसारखी दोन पारखस्थाने एवढ्यावर सुरुवात करता येईल. रक्तदाबाची निवड सकारण आहे: २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्याच्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता, परिचारिकांनी सिंपल नावाच्या खुल्या ॲपवर रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आहेत, आणि मोजकेच रकाने असलेले साधे ॲप सरकारी आरोग्य केंद्रातील गर्दीतही वापरले जाते हे तेथे दिसून आले आहे. मोबाइल आरोग्यासाठी प्रस्ताव मागवताना परिषदेने पुढील वेळी दोन अटी घालाव्यात: नोंदी या साच्यात असाव्यात, आणि सार्वजनिक पैशाने लिहिलेली सूचनावली खुली असावी. ज्यांना ठोस कारणाने वेगळी वाट हवी असेल, त्यांनी ते कारण प्रस्तावात लिहावे आणि परीक्षकांनी ते तपासावे. या मागणीवर परिषदेचा निर्णय काय आणि नसल्यास का नाही, हे तिने जाहीरपणे सांगावे, ही विनंती.

कळावे.